बैठकीबाहेरची खुर्ची

खुर्ची दारातून आत येईना. हमाल म्हणाला, पाय सोडवावे लागतील. मी म्हटलं, मग राहू दे, घेऊन जा परत. तेवढ्यात आतल्या खोलीतून भाऊसाहेबांचा आवाज आला, "गोविंदराव, जरा आडवी करा की!"

आडवी केली. आली आत. वेताची, हातांची, उंच पाठीची खुर्ची. हमालाने ती दाराशी उजेडात मांडली, पुढे एक लहानसं टेबल ठेवलं. आणि मी, या कचेरीचा मोठा कारकून, खाली मांडी घालून तिच्याकडे बघत राहिलो. खुर्ची माझ्यासाठी नव्हती. नुकत्याच कामाला लागलेल्या इनाससाठी होती.

ही ठाण्यातली गोष्ट आहे, विक्टोरिया राणीच्या वेळची. भाऊसाहेब जिल्हा कोर्टात वकिली करत. आमची कचेरी तलावापासून हाकेच्या अंतरावर. त्या काळी वकिलाची कचेरी म्हणजे एक लांब खोली, तिच्यात जमिनीवर गादी, गादीवर पांढरी चादर आणि भिंतीला लोड. याला बैठक म्हणायचं. प्रत्येकापुढे उतरत्या झाकणाची एक पेटी. झाकणावर कागद ठेवून लिहायचं, आत दौत नि बोरू. बैठकीवर आम्ही सगळे ब्राह्मण आणि प्रभू. पाणी ज्याच्या त्याच्या तांब्यातून, पण पानाचा डबा मात्र एकच. लोडाला टेकायचा मान मोठ्या कारकुनाचा, म्हणजे माझा. माझ्या शेजारी दामूअण्णा. माझ्याहून वडील, मोडी अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं, पण इंग्रजी येत नव्हतं म्हणून हुद्द्याने खाली. त्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती. त्यांची कशाबद्दलच तक्रार नसे. हातात अडकित्ता चालू आणि तोंड बंद.

इनास कोलशेतकडचा. जातीने किरिस्ताव. बाप भातशेती करायचा, मुलगा पाद्र्यांच्या शाळेत इंग्रजी शिकला. भाऊसाहेबांनी त्याला आणला तो काही दयेपोटी नव्हे. खाडीकाठचे कोळी आणि किरिस्ताव शेतकरी आमच्या पायरीपर्यंत यायचे आणि माघारी फिरायचे. बैठकीवर त्यांना बसता येत नसे. पडवीत उभं राहून, खिडकीतून ओरडून आपलं गाऱ्हाणं सांगावं लागे. भावाने बांध कोरला, सुनेने घर सोडलं, या गोष्टी भर रस्त्यात कोण ओरडून सांगेल? ते सगळे पलीकडच्या आळीतल्या वकिलाकडे जात. भाऊसाहेबांनी ठरवलं, आपल्याकडेही त्यांच्यातला एक माणूस हवा.

ते मला पटलं. तो बैठकीवर बसणार, हे पटलं नाही.

"तो बैठकीवर आला तर मी उठेन," मी भाऊसाहेबांना सांगितलं. "दामूअण्णाही उठतील."

दामूअण्णांनी सुपारी कातरली.

"मग काय करायचं म्हणता?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"वेगळा बसवा."

"वेगळाच ना? नक्की?"

"नक्की."

माझ्या मनात होती पडवीतली चटई. पण इनास पाटलोण आणि बूट घालायचा. "पाटलोणीत मांडी कशी घालेल तो?" असं म्हणून भाऊसाहेबांनी खुर्ची मागवली. मी मागितलं होतं तेच मला मिळालं होतं, तेव्हा बोलायलाही जागा राहिली नाही.

आता खुर्ची म्हणजे काय, हेही आजच्या वाचकाला सांगायला हवं. त्या वेळी ठाण्यात खुर्चीवर कोण बसायचं? कलेक्टर, जज्ज, डॉक्टर, वकील. मामलेदार कचेरीतले कारकूनसुद्धा जमिनीवर. खुर्चीत माणूस दिसला की खेड्यातल्या पक्षकाराचे हात आपोआप जुळत. आणि आमची खुर्ची तर दारातच.

पहिल्याच आठवड्यात एक कोळी आला. खाडीतले त्याच्या डोलीचे खुंट शेजारच्या गावाने उपटले होते. डोल म्हणजे भरती-ओहोटीच्या वाटेवर खुंटांना बांधून ठेवायचं मोठं जाळं. दारात त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि तो खुर्चीपुढे वाकला.

"रामराम सायेब. आमचे खुंट उपारले."

"मी सायेब नाय," इनास हसून म्हणाला. "मोठे कारकून ते. खाली बसलेत ना, त्यांना सांगा."

कोळ्याने मला नीट पाहून घेतलं. मग इनासलाच विचारलं, "ते खाली बसलेत, तं मोठे कसे?"

बैठकीवरची मंडळी तोंडाला उपरणं लावून हसली. मी दौतीत बोरू बुडवत राहिलो.

पुढे हे रोजचंच झालं. खाडीकडची माणसं येऊ लागली, ती थेट टेबलापाशी. मग कल्याण-डोंबिवलीकडचे आगरीही तसेच. मी कामातून मान वर केली की आधी इनासचे बूट दिसायचे, मग त्याचे गुडघे, मग टेबलाची कड, आणि सगळ्यांत शेवटी तो. पक्षकार आनंदाने काही आणायचे. सुकट त्याच्या टेबलावर गेली त्याचं दुःख नाही, मी खात नाही. पण आंब्याची करंडीसुद्धा माझ्या डोक्यावरून तिकडे जायची. इनास ते आंबे आम्हा सगळ्यांना वाटून टाकी. मीही घ्यायचो. गोड असायचे, म्हणून जास्तच राग यायचा.

हेवा वाटत होता, सरळच सांगतो. त्याच्या इंग्रजीचा नव्हे. माझं इंग्रजी त्याच्या तोडीचं होतं. माझा जीव जळायचा तो जमिनीपासून हातभर उंचीसाठी. रात्रंदिवस तेवढ्या हातभर अंतराचा विचार.

शेवटी न राहवून भाऊसाहेबांकडे गेलो. "मोठ्या कारकुनालाही खुर्ची असावी," मी म्हटलं. "कचेरीची शोभा म्हणून."

भाऊसाहेब चष्म्यावरून बघू लागले. "अहो, खुर्ची तर बैठकीला चालत नाही त्याच्यासाठी. तुम्हीच ठरवलंत. तुम्हाला बैठकीवरून उठवलं तर गावात काय म्हणतील? गोविंदराव बाटले?"

बाहेर आलो. दामूअण्णांनी काही न विचारता मला पान लावून दिलं.

या सगळ्यात खरी गोष्ट होती कल्याणची. भाऊसाहेबांना कल्याणला दुसरी कचेरी काढायची होती. तिथे सबजज्जाचं कोर्ट, काम भरपूर. तिथे कायमचा राहील असा एक भरवशाचा माणूस हवा होता. माझं बिऱ्हाड कल्याणला. आई तिथे, बायको तिथे. मी नौपाड्यात एका दूरच्या नातेवाइकाच्या ओटीवर पथारी टाकायचो आणि शनिवारी आगगाडीने घरी जायचो. आई अंथरुणाला खिळलेली. दर शनिवारी एकच प्रश्न विचारायची, "मिळालं का रे कल्याण?"

"मिळेल," मी म्हणायचो.

आणि दर सोमवारी येऊन पाहायचो तर भाऊसाहेब खुर्चीपाशी उभे, इनासशी हसत बोलताहेत. माझ्या मनाने घेतलं, कल्याण याच्या घशात जाणार. पक्षकार त्याच्या भोवती, खुर्ची त्याची. आता कल्याणही त्याचं.

आणि तशात आप्पासाहेबांचं काम आलं. आप्पासाहेब कल्याणचे बडे जमीनदार. खाडीच्या बांधाआतली जमीन ते कल्याणच्या कोर्टात हरले होते. त्यांना ठाण्याला अपील करायचं होतं. अपील म्हणजे खालच्या कोर्टात हरलेल्याने वरच्या कोर्टात मागितलेली दाद. तिला मुदत असते. मुदत उलटली की न्याय तुमच्या बाजूचा असला तरी दार बंद. आप्पासाहेबांच्या उपाध्यांनी मुहूर्त काढून दिला होता, आणि तो नेमका मुदतीच्या शेवटच्या दिवशी पडला. भाऊसाहेबांनी कागद तयार ठेवले होते. उरली होती ती वकीलपत्रावरची सही. 'माझ्या वतीने हा वकील बोलेल' असा तो कागद. त्यावर पक्षकाराची सही नसेल तर कितीही मोठा वकील कोर्टात मुका.

"आप्पासाहेब आपल्याकडे टिकले तर कल्याणची कचेरी उभी राहिली म्हणून समजा," भाऊसाहेब सकाळी म्हणाले. मी नवं उपरणं घेतलं होतं.

दुपार टळता टळता आप्पासाहेब आले. स्थूल माणूस, उन्हातून चालत आलेला, तोंड लालबुंद. उपाध्ये मागे पडवीत वहाणा काढत होते. आप्पासाहेबांनी उंबरा ओलांडला आणि त्यांचा पाय अडखळला. झोक गेला. मी उठेपर्यंत इनासने झेप घेऊन त्यांना दोन्ही हातांनी धरलं, सरळ आपल्या खुर्चीत बसवलं आणि टेबलावरच्या कागदाने वारा घालू लागला.

"बसा, बसा. घाई नको," तो म्हणाला.

आप्पासाहेबांनी डोळे मिटले. एक लांब श्वास सोडला. बैठकीवर कुणी हलेना. दामूअण्णा सुपारीकडे बघत होते.

मी त्या क्षणी काय विचार केला, ते मला स्वच्छ आठवतं. कल्याणला धर्म सांभाळणारा माणूस कोण आहे, हे आप्पासाहेबांना दाखवायची हीच वेळ. उपाध्ये आत आले तशी मी मोठ्याने म्हणालो, "आप्पासाहेब, उठा त्या खुर्चीवरून. तो किरिस्ताव आहे. त्याने तुम्हाला शिवलंय."

आप्पासाहेबांनी डोळे उघडले आणि इनासकडे नव्हे, माझ्याकडे पाहिलं.

"शिवला?" उपाध्ये ओरडले. "कोण शिवला? स्नान करावं लागेल. सचैल. जानवंही बदलायला हवं."

"उपाध्ये, आज मुदत आहे हो," आप्पासाहेब कसेबसे म्हणाले.

"मुदत कोर्टाची. धर्माला मुदत नसते."

आरडाओरडा ऐकून भाऊसाहेब बाहेर आले. त्यांना काही सांगावं लागलं नाही. खुर्ची पाहिली, उपाध्ये पाहिले, मग माझ्याकडे वळले. "नवं जानवं कुठे मिळतं ते तुम्हालाच ठाऊक असेल, गोविंदराव. धावा."

मी धावलो. बाजारात धोतर सावरत धावणारा मोठा कारकून लोकांनी पाहिला. आप्पासाहेब तलावाकडे गेले, कपड्यांसकट पाण्यात उतरले. उपाध्ये काठावर उभे राहून मंत्र म्हणत होते आणि तेही सावकाश. भाऊसाहेब कचेरीच्या पायरीवर उभे राहून कोर्टाच्या दिशेने बघत होते. इनास भिंतीपाशी उभा. आपल्या खुर्चीत बसावं की नाही, हे त्याला समजत नसावं.

आप्पासाहेब परत आले ते निथळत. खुर्ची चालत नव्हती, आणि ओल्या धोतराने बैठकीवर बसवता येत नव्हतं. मग दामूअण्णांनी आपली पेटी दोन्ही हातांवर उचलून त्यांच्यापुढे धरली. त्यावर कागद ठेवले. आप्पासाहेबांनी टाक हातात घेतला, आणि उपाध्ये पुढे झुकले.

"थांबा. हे कागद कुणी लिहिलेत?"

अपिलाची इंग्रजी नक्कल इनासच्या हातची होती. ते मला ठाऊक होतं. माझं तोंड उघडलंसुद्धा. भाऊसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की ते तसंच उघडं राहिलं.

"कचेरीने," दामूअण्णा म्हणाले. त्या दिवशी त्यांनी उच्चारलेला तो पहिला शब्द.

"कचेरीने म्हणजे कुणी?"

"कचेरीने म्हणजे कचेरीने. खाली वकिलांची सही आहे. लवकर करा, माझे हात भरून आले."

आप्पासाहेबांच्या ओल्या मिशा किंचित हलल्या. त्यांनी सही केली. केसांतला एक थेंब कागदावर पडला, शाई थोडी पसरली, पण नाव वाचता येत होतं. भाऊसाहेब कागद घेऊन पागोटं सावरत निघाले ते जवळजवळ पळतच. कोर्टाचा शिरस्तेदार दप्तर बांधत होता. त्याने दप्तर सोडलं, अपील घेतलं. वाचलो.

आप्पासाहेब पडवीत उन्हाला उभे राहून शेंडी पिळत होते. मी जवळ गेलो. काहीतरी बोलणं भाग होतं.

"मोठे कारकून," तेच म्हणाले, "मला डोळे नाहीत असं वाटलं का तुम्हाला?"

"छे, छे."

"बूट दिसत होते मला. पाटलोण दिसत होती. हात धरला तेव्हाच कळलं मला, कोण आहे ते. अहो, दिसतं सगळ्यांनाच. बोलायचं कशाला?"

"मला वाटलं, आपला धर्म..."

"माझा धर्म मी गुपचूप सांभाळत होतो. तुम्ही तो तळ्यात बुडवलात."

भाऊसाहेब परत आल्यावर आप्पासाहेबांनी कल्याणच्या कचेरीला होकार दिला. फक्त एक अट घातली. "माणूस तो सुपारीवाला द्या. तिथल्या कोर्टाचं काम मराठीतच चालतं. आणि यांना पाठवलंत तर दर तारखेला मला अंघोळ पडेल."

दामूअण्णा कल्याणला गेले. त्यांचं घर ठाण्याचं, बायको-मुलं ठाण्याची. तरी गेले. तक्रार नाही.

बैठकीवर माझ्या शेजारची जागा रिकामी झाली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी इनास माझ्यापाशी आला, बूट चादरीला लागणार नाहीत इतका लांब उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "गोविंदराव, तुमची हरकत नसेल तं मना तिथं बसायचंय."

"कुठे?"

"दामूअण्णांच्या जागंवर. धोतर नेसून येतो पायजे तं."

मला वाटलं, चेष्टा करतोय. "अरे, खुर्ची सोडून?"

"वर काय हाय, गोविंदराव? तुमी सगळे खाली हसता, पान लावता, एकमेकांच्या घरचं बोलता. मना तं नुसतं ऐकू येतं. पक्षकार हात जोडतो नि जातो. पान कुणी देत नाय. इतके दिवस तुमच्याकडं बघून माझा जीव जळतो."

खरं सांगू? मला त्याची कीव आली नाही. मला संताप आला. इतके दिवस मी एकट्याने जळत होतो, तेवढं तरी माझं होतं. आता त्यातही हा अर्धा वाटेकरी निघाला. आणि ज्या लोडाला टेकून मी त्याच्या खुर्चीवर डोळा ठेवला, त्या लोडावर त्याचा डोळा होता म्हणे!

"भाऊसाहेबांना विचार," एवढंच मी म्हणालो.

त्याने विचारलं. भाऊसाहेबांनी दोन दिवस विचार केला. तो बैठकीवर आला तर अर्धी मंडळी उठणार, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी बैठकच उठवली. गादी गुंडाळली, लोड घरी पाठवले, आणि सगळ्यांना एकाच सुताराकडून खुर्च्या करून आणल्या. लाकूड शिवलं तरी फारसं अडत नाही, असा तोडगा एका शास्त्रीबुवांनी काढून दिला. चादर गेली, विटाळ गेला. मला खुर्ची मिळाली. पहिल्या दिवशी मी मुद्दाम दाराकडे तोंड करून ताठ बसलो. एक कोळी आला, त्याने सगळ्या खुर्च्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "वकील कंचा?" हात कुणालाच जोडले नाहीत.

पानाचा डबा टेबलाटेबलांवरून फिरू लागला. तो एके दिवशी इनासपुढे आला. कुणी ठेवला ते माहीत नाही. कुणी बोललंही नाही. तेवढं आम्ही सगळे शिकलो होतो. त्याने पान लावलं, चुना जरा जास्त झाला, डोळ्यांत पाणी आलं आणि तरी तो हसत होता.

आई त्याच पावसाळ्यात गेली. मधल्या वारी, अचानक. निरोप घेऊन माणूस ठाण्याला येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. शेवटचं पाणी दामूअण्णांनी घातलं. कल्याणची कचेरी आमच्या घराच्या दोन घरं पलीकडे होती, बायकोने हाक मारताच ते धावत आले. "आईंनी विचारलं," ते मला म्हणाले, "मिळालं का कल्याण. मी म्हटलं, मिळालं." माझ्यासाठी ते खोटं बोलले होते. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. इनासच्या खुर्चीचा मी जन्मभर केला नसेल इतका हेवा मला त्या हाताचा वाटला.

नोकरीतून निवृत्त झाल्यापासून लोक विचारतात, इतकी वर्षं वकिलाकडे काढलीत, कायदा काय शिकलात? मी म्हणतो, कायदा भाऊसाहेबांना विचारा. मी एवढंच शिकलो, की कुणाला वेगळं बसवायचं झालंच तर त्याआधी आपल्याला कुठे जाऊन बसायचंय, ते बघून घ्यावं.